सुधाकरराव नाईक यांच्या पानाविषयी मराठी विकिपीडियाच्या संपादकांस खुले पत्र

मराठी विकिपीडियावर लेखन, संपादन आणि देखरेख करणाऱ्या सर्व सदस्यांस व प्रचालकांस,



वाशिम जिल्ह्याच्या राजकीय इतिहासाशी ज्या घराण्याचे नाव कायमचे जोडले गेले आहे, त्या पुसदच्या नाईक घराण्यातील सुधाकरराव नाईक यांच्याविषयी मुक्त ज्ञानकोशात, म्हणजे कोणालाही वाचता आणि दुरुस्त करता येईल अशा महाजालावरील कोशात, तटस्थपणे कसे लिहावे, हा या पत्राचा विषय आहे. सुधाकरराव हे वसंतराव नाईक यांचे पुतणे; २५ जून १९९१ रोजी त्यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली, मुंबईतील दंगलींनंतर फेब्रुवारी १९९३ मध्ये त्यांना ते पद सोडावे लागले, १९९८ मध्ये ते तेव्हाच्या वाशिम मतदारसंघातून लोकसभेवर गेले आणि १० मे २००१ रोजी त्यांचे निधन झाले. वाशिम जिल्ह्यातील आसेगावच्या परिसरात त्यांचे नाव निघाले की बोलणे नालाबांध आणि पाझर तलावांकडे वळते. मुंबईत, विशेषतः ज्या वस्त्यांनी डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ हे दोन महिने सोसले तेथे, त्याच नावाबरोबर आठवते ते वेळेवर न पोहोचलेले लष्कर. या दोन्ही आठवणी खऱ्या आहेत आणि दोन्ही आठवणी बाळगणारी माणसे तेच एक पान उघडून वाचतात, हीच या लेखनातील खरी अडचण आहे.

ज्ञानकोशाच्या परिभाषेत तटस्थता म्हणजे एखाद्या विषयावर विश्वसनीय स्रोतांमध्ये जी मते आढळतात, ती सर्व, त्या स्रोतांत त्यांना जितके वजन आहे तितक्याच प्रमाणात आणि ती कोणाची आहेत हे सांगून मांडणे. या व्याख्येतील शेवटचा भाग, म्हणजे मत कोणाचे हे सांगणे, मराठी लेखनात सर्वाधिक दुर्लक्षिला जातो. दोन परिच्छेद स्तुतीचे आणि दोन टीकेचे लिहिले की लेखन समतोल झाले, अशी एक समजूत रूढ आहे आणि ती चुकीची आहे. तराजूच्या एका पारड्यात पाझर तलाव आणि दुसऱ्यात माणसांचे मृत्यू टाकून काटा मध्यावर आणण्याचा प्रयत्न हा दोन्ही बाजूंच्या लोकांचा अपमान आहे. कोशाचे काम तोलण्याचे नसून कोणी, केव्हा, कशाच्या आधारे काय तोलले ते नोंदवण्याचे आहे.

हे एका वाक्यापुरते प्रत्यक्ष करून पाहणे उपयोगी ठरेल. मुंबईच्या दंगलींसंबंधी या पानावर तीन प्रकारची वाक्ये लिहिली जाऊ शकतात. पहिले असे : ‘अत्यंत बिकट परिस्थितीत त्यांनी राज्याची धुरा समर्थपणे सांभाळली.’ दुसरे असे : ‘मुंबईतील दंगलींना तेच जबाबदार होते.’ तिसरे असे : ‘दंगलींच्या हाताळणीवरून त्यांच्यावर टीका झाली.’ पहिले वाक्य गौरवग्रंथातले आणि दुसरे प्रचारसभेतले आहे, हे कोणाच्याही लक्षात येते, म्हणून ती दोन्ही लवकर काढली जातात. तिसरे मात्र सोज्वळ दिसते आणि वर्षानुवर्षे टिकते. वास्तविक तेच सर्वांत दुबळे आहे, कारण टीका कोणी केली, कशाबद्दल केली, केव्हा केली आणि ती कोणत्या अधिकाराने केली, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. वाचकाने आपापल्या पूर्वग्रहाप्रमाणे ती पोकळी भरावी, अशी सोय मात्र त्यात आहे.

त्या जागी येऊ शकणारे वाक्य लांब होईल, पण ते पुढीलप्रमाणे उभे राहते : मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या चौकशी आयोगाने १६ फेब्रुवारी १९९८ रोजी सादर केलेल्या अहवालात राजकीय नेतृत्वाच्या दुबळेपणावर आणि धरसोडीवर बोट ठेवले आणि लष्कराच्या परिणामकारक वापराविषयी विचार करून आदेश देण्यात मुख्यमंत्र्यांनी ६ ते १० जानेवारी १९९३ हे मोलाचे चार दिवस घालवले, असा निष्कर्ष नोंदवला. या वाक्यात एकही विशेषण लेखकाचे नाही. ज्याला हा निष्कर्ष मान्य नाही तो आयोगाशी वाद घालू शकतो, पानाशी नाही. त्याच चार दिवसांत जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीत माणसे जाळली गेली आणि सुलेमान बेकरीत पोलिसांच्या गोळीबारात माणसे मारली गेली, हे ध्यानात घेतले तर ‘चार दिवस’ या दोन शब्दांना वेगळ्या अलंकरणाची गरज उरत नाही.

येथेच ‘चौकशी आयोग’ म्हणजे काय, हेही वाचकाला सांगावे लागते. १९५२ च्या चौकशी आयोग कायद्यानुसार नेमलेला आयोग पुरावा तपासून निष्कर्ष आणि शिफारशी देतो, परंतु तो कोणाला दोषी ठरवून शिक्षा करीत नाही आणि त्याचे निष्कर्ष सरकारवर बंधनकारक नसतात. म्हणून ‘आयोगाने दोषी ठरवले’ असे लिहिणे चूक आहे आणि ‘तो केवळ एक अहवाल होता’ असे लिहून त्याचे वजन उतरवणे तितकेच चूक आहे. २५ जानेवारी १९९३ रोजी, म्हणजे सुधाकरराव स्वतः मुख्यमंत्री असताना, हा आयोग नेमला गेला; जानेवारी १९९६ मध्ये शिवसेना-भाजप युती सरकारने तो गुंडाळला, त्याच वर्षी मे महिन्यात तो पुन्हा कामाला लावला गेला, आणि ऑगस्ट १९९८ मध्ये अहवाल विधिमंडळात मांडताना त्याच सरकारने त्याचे प्रमुख निष्कर्ष नाकारले. अहवालाने डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ अशा दोन्ही टप्प्यांत मिळून मृतांची संख्या ९०० दिली असून त्यांत ५७५ मुस्लिम, २७५ हिंदू, ४५ ओळख न पटलेले आणि ५ अन्य होते. आयोगाचे पोलीस दलावरचे, शिवसेनेवरचे आणि इतरांवरचे निष्कर्षही गंभीर आहेत. ते दंगलींच्या स्वतंत्र पानावर सविस्तर यावेत आणि सुधाकररावांच्या पानावर त्यांचा निर्देश होऊन दुवा दिला जावा, कारण एका व्यक्तीच्या पानावर सबंध दंगलीचा इतिहास लादला तर सबंध दंगल त्या एका माणसाने केली असा भास होतो, आणि तो इतिहास पूर्णपणे वगळला तर ती जणू दुसऱ्याच राज्यात झाली असे वाटते. कोशाच्या भाषेत यालाच ‘उचित वजन’ म्हणतात.

कालक्रमाच्या बाबतीत तर याहून अधिक दक्षता हवी. १२ मार्च १९९३ च्या साखळी बाँबस्फोटांत २५७ माणसे गेली. ‘त्यांच्या कारकिर्दीत मुंबईत दंगली व बाँबस्फोट झाले’ असे वाक्य सहज लिहिले जाते, परंतु ६ मार्च १९९३ रोजीच शरद पवार यांनी मुख्यमंत्रिपदाची सूत्रे हाती घेतली होती. सहा दिवसांचे हे अंतर कोशात पुसले गेले तर दोषारोप तपशिलाच्या चुकीतून जन्माला येतो आणि त्याला कोणताही हेतू चिकटलेला नसला तरी त्याचा परिणाम हेतुपुरस्सर केलेल्या बदनामीसारखाच होतो. लष्कराच्या प्रश्नावरही असेच सांभाळून लिहावे लागते : त्या काळात केंद्रात संरक्षणमंत्री पवार होते, राज्यात मुख्यमंत्री नाईक होते, दोघे एकाच पक्षाचे होते आणि पद गेल्यानंतर दोघांमधील दुरावा जाहीरपणे व्यक्त झाला. त्या दुराव्यात कोणी कोणाविषयी काय म्हटले, ते बोलणाऱ्याच्या नावानिशी आणि दुसऱ्या बाजूच्या उत्तरासह नोंदवावे. उत्तर सापडत नसेल तर आरोपही थांबवून ठेवावा.

मराठी भाषेच्या घडणीतच तटस्थतेला काही अडथळे आहेत आणि इतर भाषांतील नियमावल्यांचे भाषांतर करून त्यांचे निवारण होत नाही. पहिला अडथळा ‘-ण्यात आले’ या रचनेचा. ‘लष्कराला पाचारण करण्यात आले’, ‘उपाययोजना करण्यात आली’, ‘कारवाई करण्यात आली’ ही सरकारी मराठीची वाक्ये कर्ता गिळून टाकतात. आदेश मुख्यमंत्र्यांनी दिला की पोलीस आयुक्तांनी, आणि तो दिल्यानंतर किती तासांनी अंमलात आला, हे ज्या विषयात सर्वस्व आहे, त्या विषयात ही रचना वापरणे म्हणजे मजकुराचा गाभाच काढून घेणे होय. दुसरा अडथळा आदरार्थी बहुवचनाचा. मराठीत क्रियापदच मान देते किंवा काढून घेते. मुख्यमंत्री ‘म्हणाले’ आणि मारला गेलेला बेकरी कामगार ‘राहत होता’, असे एकाच परिच्छेदात लिहिले जाते आणि लिहिणाऱ्याला त्यात काही गैर दिसत नाही. कोशाने सर्व माणसांसाठी एकच रूप वापरावे. नेत्याला ‘ते’ म्हणायचे असेल तर मृतालाही ‘ते’ म्हणावे. तिसरा अडथळा उपाध्यांचा. ‘लोकनेते’, ‘जलनायक’, ‘स्व.’, ‘मा.’, ‘साहेब’ ही घरातली, सभेतली आणि फ्लेक्सवरची भाषा आहे. तिथे ती शोभते, माहितीचौकटीत मात्र नाही.

उपाध्यांचा विषय निघाला म्हणून स्तुतीच्या पडताळणीविषयीही लिहिणे भाग आहे, कारण टीकेला संदर्भ मागणारे संपादक स्तुतीला तो क्वचितच मागतात. सुधाकररावांना ‘जलसंधारणाचे जनक’ म्हटले जाते आणि १० मे हा त्यांचा स्मृतिदिन राज्यात जलसंधारण दिन म्हणून पाळला जातो. त्यांच्या कारकिर्दीत, १९९२ मध्ये, जलसंधारण हा स्वतंत्र विभाग झाला. मृदसंधारण, लघुपाटबंधारे, सामाजिक वनीकरण अशी विखुरलेली कामे एका छत्राखाली आणण्याचा तो प्रयत्न होता आणि ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा गावोगाव पोहोचली. हे सर्व नोंदवण्याजोगे आहे. परंतु विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगावात पाणी पंचायतीचे काम १९७२ च्या दुष्काळानंतर उभे केले होते, अण्णा हजारे यांचे राळेगणसिद्धीतील काम १९७० च्या दशकातच सुरू झाले होते आणि पाणलोट विकासाचा शासकीय कार्यक्रम १९८० च्या दशकाच्या आरंभी अस्तित्वात होता. मग ‘जनक’ हा शब्द कोशाने आपल्या तोंडी घालू नये. ‘जनक असा त्यांचा गौरव केला जातो’ एवढे लिहावे, गौरव करणाऱ्याचा निर्देश करावा, आणि पुढे विभागाच्या स्थापनेची तारीख, निर्णय आणि झालेली कामे द्यावीत. वाशिमसारख्या कोरडवाहू जिल्ह्यात, जिथे सोयाबीन आणि तूर यांचा सबंध हिशेब पावसाच्या खंडावर ठरतो, तिथे मातीच्या नालाबांधामागे श्रावणात साचलेले पाणी खालच्या विहिरीला दिवाळीनंतरही आधार देते, आणि गाळ भरून आला की तोच बांध काही वर्षांत निरुपयोगी होतो. अशा बांधाचे मोल शेतकऱ्याला उपाधीवाचून कळते. कोशाला ते दाखवायचे असेल तर गावाचे नाव, बांधाचे वर्ष आणि आजची स्थिती लिहिणे हे ‘भगीरथ’ म्हणण्यापेक्षा कितीतरी अधिक आदराचे आहे.

आता घराण्याविषयी. वसंतराव नाईक ५ डिसेंबर १९६३ पासून २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत मुख्यमंत्री होते. विमुक्त-भटक्या समाजातून आलेले ते राज्याचे पहिले मुख्यमंत्री, आणि त्यांचा जन्मदिवस, १ जुलै, कृषिदिन म्हणून साजरा होतो. त्यांच्यानंतर सुधाकरराव, त्यांचे बंधू मनोहर नाईक आणि पुढील पिढीतील इंद्रनील नाईक यांनी पुसदचे प्रतिनिधित्व केले. बंजारा समाजासाठी हे घराणे केवळ सत्तेचे नाही. ज्या समाजाला इंग्रजी राजवटीच्या कायद्याने जन्माने गुन्हेगार ठरवले, त्या समाजातला माणूस मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावर बसला, हा पोहरादेवीच्या तीर्थाला जाणाऱ्या प्रत्येक तांड्याच्या आठवणीतला मोठा क्षण आहे. म्हणूनच या घराण्यातील कोणाविषयी टीकेचे वाक्य दिसले की ते समाजावरचे वाक्य म्हणून वाचले जाते, आणि ही भावना संपादकांनी अडाणी समजून झटकून टाकू नये, कारण तिच्यामागे खरा इतिहास आहे. तथापि तिच्यावरचा उपाय वाक्य काढून टाकणे हा नव्हे. नाते ही वस्तुस्थिती आहे आणि पद मिळण्यात नात्याचा वाटा असल्याचे अभ्यासकांनी दाखवले असेल तर ते लिहिलेच पाहिजे. परंतु प्रत्येक कृती ती करणाऱ्याच्याच पानावर राहिली पाहिजे. काकांच्या काळातील रोजगार हमी योजना, जिच्या कल्पनेचे श्रेय वि. स. पागे यांना दिले जाते, तिचे पुण्य पुतण्याच्या पानावर येऊ नये आणि जानेवारी १९९३ चे ओझे काकांच्या किंवा पुढच्या पिढीच्या पानावर जाऊ नये. ‘काका-पुतण्या’ ही महाराष्ट्राच्या राजकीय चर्चेतील आवडती जोडी आहे. कोशाने त्या जोडीला दोन माणसे मानावे. ‘घराणेशाही’ आणि ‘राजकीय घराणे’ या दोन शब्दांतला फरकही येथे जपावा लागतो : पहिला निवाडा आहे, दुसरे वर्णन आहे.

घराण्यातील जी माणसे हयात आहेत त्यांच्याविषयी नियम आणखी कडक आहे आणि तो असायलाच हवा. अमेरिकेतील पत्रकार जॉन सीगेनथेलर यांच्यावर केनेडी बंधूंच्या हत्यांशी संबंध जोडणारा खोटा मजकूर २००५ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर कित्येक महिने तसाच राहिला आणि त्या प्रकरणानंतर हयात व्यक्तींच्या चरित्रांसाठी स्वतंत्र धोरण आले : संदर्भ नसलेला वादग्रस्त मजकूर चर्चेची वाट न पाहता काढावा. घराण्याच्या जवळच्यांसाठी दुसरा नियम आहे. नातेवाईक, स्वीय सहायक, पक्षाचे कार्यकर्ते किंवा प्रसिद्धीचे काम घेणाऱ्या संस्था यांचा विषयाशी हितसंबंध असतो, म्हणजे पानावर काय लिहिले जाते यात त्यांचा लाभ किंवा हानी गुंतलेली असते. त्यांनी पानात थेट बदल करण्याऐवजी आपली ओळख सांगून चर्चापानावर, म्हणजे प्रत्येक पानाला जोडलेल्या चर्चेच्या पानावर, दुरुस्ती सुचवावी, आणि मोबदला घेऊन लिहिणाऱ्यांनी तो जाहीर करावा, ही अट २०१४ पासून वापराच्या अटींतच आहे. हाच नियम विरोधी पक्षाच्या कार्यकर्त्यांनाही लागू होतो, हे निवडणुकीच्या तोंडावर विशेष लक्षात ठेवावे.

श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोश हाती घेतला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईत मराठी विश्वकोश सिद्ध झाला आणि त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला; त्या परंपरेत नोंदीच्या विश्वासार्हतेमागे ओळखीचा संपादक उभा असे, विश्वकोशात तर नोंदीखाली लेखकाचे नावही असते. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर अशी सही नाही, म्हणून तिची जागा संदर्भाने घ्यायची आहे. आणि संदर्भाचीच येथे टंचाई आहे. विदर्भातील १९९१ ते १९९३ ची दैनिके महाजालावर जवळजवळ मिळत नाहीत, श्रीकृष्ण अहवाल वाचला जातो तो इंग्रजीतून, आणि मराठीत सहज हाती लागते ते गौरवग्रंथ, स्मरणिका आणि पुण्यतिथीच्या पुरवण्या. जन्मतारखेसाठी आणि पदांच्या यादीसाठी स्मरणिका चालेल, कामाच्या मूल्यमापनासाठी चालणार नाही. उलट, महाजालावर नाही एवढ्यावरून छापील वृत्तपत्राचा संदर्भ उडवणेही योग्य नाही. दैनिकाचे नाव, तारीख आणि पृष्ठ दिले असेल तर तो संदर्भ पूर्ण आहे. हा आग्रह न धरल्यास ज्या गावांचे कागद संगणकावर चढलेले नाहीत, त्या गावांचा इतिहास कोशात मुंबई-दिल्लीच्या बातम्यांतूनच लिहिला जाईल.

संदर्भांच्या टंचाईखेरीज भीती हाही एक अडथळा आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांविषयीच्या मजकुरावरून महाराष्ट्राच्या सायबर विभागाने विकिपीडियाला नोटीस बजावली आणि संपादकांविरुद्ध गुन्हाही नोंदवला गेला. त्या मजकुराचा वाद येथे उकरायचा नाही. परंतु मजकूर चुकीचा असेल तर त्यावरचा उपाय चर्चापान आणि अधिक चांगला संदर्भ हा आहे, पोलीस ठाणे नव्हे, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. भीतीपोटी लिहिलेले पान नेहमी वरच्या तिसऱ्या वाक्यासारखे असते : टीका झाली, वाद निर्माण झाला, चर्चा रंगली. कोणाचेही नाव नाही.

या पार्श्वभूमीवर संपादकांना विनंती अशी की सुधाकरराव नाईक यांच्या पानावरील १९९२-९३ संबंधीचा विभाग प्रथम धूळपाटीवर, म्हणजे कच्च्या लेखनासाठी राखलेल्या पानावर, तयार करावा आणि त्यात आयोगाचा निष्कर्ष, आयोगापुढे स्वतः नाईक यांनी मांडलेली बाजू आणि अहवालावरील तत्कालीन सरकारचा प्रतिसाद या तिन्ही गोष्टी एकाखाली एक द्याव्यात. मग तो मजकूर चावडीवर, जिथे सर्व सदस्य एकत्र चर्चा करतात तिथे, ठेवावा आणि जोगेश्वरीत वाढलेल्या व मानोऱ्याच्या तांड्यात वाढलेल्या अशा दोन्ही सदस्यांनी तो वाचून त्यातला एकेक शब्द तपासावा. जलसंधारणाच्या विभागातील उपाध्यांपुढे ‘संदर्भ हवा’ हा साचा लावावा आणि संदर्भासाठी पुरेसा अवधी द्यावा. वाशिम जिल्ह्यातील वाचकांना त्या अवधीत करता येण्याजोगे काम भरपूर आहे : सार्वजनिक वाचनालयांत बांधून ठेवलेल्या दैनिकांच्या फायलींतून तारखा आणि पृष्ठांक उतरवणे, आणि १९९२ नंतर आपापल्या शिवारात झालेल्या नालाबांधांची व पाझर तलावांची नोंद कृषी विभागाच्या व जिल्हा परिषदेच्या कागदांशी ताडून पाहणे. आसेगावच्या शिवारापासून हे काम सुरू होऊ शकते; जे बांध गाळाने भरले आहेत त्यांचीही नोंद त्याच यादीत, त्याच चर्चापानावर, वर्षासह दिली जावी.

आसेगाव, जि. वाशिम येथील एक वाचक